कोरडी साठवण, ताजे वाटण

सूर्यास्ताची वेळ ही जैन घरातील स्वयंपाकाची खरी घटिका होय. जूनमध्ये मुंबई-पुण्याला सव्वासातच्या सुमारापर्यंत उजेड मिळतो. डिसेंबरात मात्र सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेरी, शाळा वा दवाखान्यातील काम आटोपून जी गृहिणी कशीबशी पाच-सव्वापाचला घर गाठते, तिच्या हाती चौविहारापूर्वी जेमतेम पाऊण तास उरतो. तेवढ्यात भाजी निवडायची, कणीक मळायची, आमटीचे वाटण करायचे, आणि घरातील सर्वांनी जेवून उठायचे. या घाईतूनच दोन गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात हळूच शिरल्या आहेत. एक, बाजारातील तयार वाटणाची बाटली. दुसरी, रविवारी भरपूर वाटून शीतकपाटात किंवा बर्फाच्या खणांत गोठवून ठेवलेले आठवड्याचे वाटण.

या दोन्हींबद्दल घरोघरी कुरबुर ऐकू येते. सासूबाई म्हणतात, ‘बासी वाटण या घरात चालत नाही.’ सूनबाई म्हणते, ‘मग सूर्यास्तापूर्वी ताट कसे वाढायचे, ते सांगा.’ दोघींचेही म्हणणे खरे आहे. एकीला भक्ष्याची मर्यादा सांभाळायची आहे, दुसरीला रात्रिभोजनत्यागाची. एक नियम पाळण्यासाठी दुसरा मोडावा लागावा, अशी आपल्या आहारधर्माची रचना मुळीच नाही. सुगंध कोरड्या रूपात साठवावा आणि ओल त्याला जेवणाच्या वेळीच लावावी, एवढे एक सूत्र ध्यानी धरले तर दोन्ही मर्यादा सुखाने सांभाळता येतात. या लेखात त्या सूत्राचा शास्त्रार्थ आणि त्याची कृती, दोन्हींचा विचार करावयाचा आहे.

वाटणाचे काम काय?

महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ‘वाटण’ म्हटले की आले, लसूण, कांदा आणि खोबरे हीच नावे डोळ्यांपुढे येतात. आपल्या घरी यांतील पहिली तीन वर्ज्य. कांदा, लसूण आणि ओले आले यांची गणना कंदमुळांत, म्हणजे अनंतकायात होते. पण वाटण हे केवळ या तिघांवर अवलंबून नसते. पदार्थात वाटणाची कामे चार : रश्शाला दाटपणा देणे, गंध देणे, तिखटपणा देणे आणि चवीत किंचित गोडवा आणणे. ही चार कामे वेगवेगळी ओळखली की प्रत्येकासाठी आपल्या नियमात बसणारा पदार्थ सापडतो.

दाटपणासाठी सुके खोबरे, तीळ, काजू किंवा मगजबी आहे. गंधासाठी जिरे, धने, बडीशेप, लवंग, दालचिनी आणि वेलदोडे आहेत. तिखटपणासाठी मिरची, काळी मिरी आणि सुंठ आहे. गोडव्यासाठी किसून तुपात परतलेला दुधी किंवा लाल भोपळा आहे. परतलेल्या कांद्याने रश्शाला जे अंग येते, ते दुधीच्या किसाने बऱ्याच अंशी येते, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

लसणाच्या गंधाची उणीव हिंग भरून काढतो, यालाही कारण आहे. लसणाचा उग्र वास गंधकयुक्त संयुगांमुळे येतो आणि हिंगाच्या वासातही गंधकाची संयुगेच प्रमुख असतात. हिंग म्हणजे एका झुडपाच्या मुळाजवळ छेद देऊन काढलेला चीक. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि मध्य आशियातून आपल्याकडे येतो. भारतात त्याच्या लागवडीचा आरंभ ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात झाला. बाजारातील भुकटी हिंगात डिंक आणि मैदा अथवा अन्य पीठ मिसळलेले असते. त्यामुळे ज्या दिवशी पिठाचा प्रश्न येतो त्या दिवशी डबीवरील घटक वाचूनच हिंग वापरावा.

मिरचीही आपल्या देशात पोर्तुगिजांच्या मार्फत सोळाव्या शतकात आली. त्यापूर्वी तिखटाचे काम मिरी, सुंठ आणि पिंपळी करीत होत्या. आयुर्वेद या तिघींना त्रिकटू म्हणतो. आयंबिलाच्या ओळीत हा जुना तिखटपणा आजही टिकून आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील त्या नऊ दिवसांत तेल, तूप, दूध, गूळ यांपैकी काहीच नसते; मीठ, मिरी, सुंठ आणि हिंग यांच्या बळावर ताटाला चव येते. केवळ कोरड्या द्रव्यांवर किती रुची उभी राहू शकते, याचा हा आपल्याच परंपरेतील दाखला होय.

ओल आणि काळ

बावीस अभक्ष्यांच्या यादीत ‘चलित रस’ हा एक प्रकार सांगितला आहे. ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस आणि स्पर्श मूळचा राहिला नाही, त्यात जीवोत्पत्ती झाली असे समजून तो त्याज्य मानतात. वाटण हे चलित रस होण्यास सर्वांत अधीर. याची कारणे आधुनिक अन्नशास्त्रही तीच सांगते. सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी मुख्यतः मोकळे पाणी, पोषण आणि ऊब लागते. वाटताना आपण खोबऱ्याच्या, मिरचीच्या, कोथिंबिरीच्या पेशी फोडतो, त्यांतील रस बाहेर काढतो आणि वर पाणी घालतो. जीवांना अनुकूल अशी सर्व सामग्री एका वाटीत गोळा होते. सकाळी शुभ्र असलेले ओल्या खोबऱ्याचे वाटण उन्हाळ्यात दुपार टळता टळता आंबूस लागते, ते यामुळेच.

उलट अख्खे धने, सुकी मिरी किंवा सुंठेचा गड्डा यांत मोकळे पाणी जवळजवळ नसते. म्हणून ते महिनोन् महिने टिकतात. या दोन टोकांच्या मध्ये दळलेली पूड येते. ती कोरडी असते. पण दळल्यामुळे तिचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढलेला असतो आणि हवेतील दमट ती चटकन ओढून घेते.

आपल्या पूर्वाचार्यांनी काळाच्या ज्या मर्यादा घालून दिल्या, त्यांत हा विचार स्पष्ट दिसतो. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात. दळलेल्या मसाल्यांनाही तीच लावतात. श्वेतांबर परंपरेत पीठ, मिठाई आदींचा काळ हिवाळ्यात ३० दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि पावसाळ्यात १५ दिवस असा सांगितला जातो. आकडे निराळे आहेत. पण दोहोंचा क्रम एकच आहे. थंड आणि कोरड्या ऋतूत मर्यादा सर्वांत मोठी, उष्ण ऋतूत त्याहून कमी, आणि दमट ऋतूत सर्वांत लहान. पाणी घालून वाटलेल्या पदार्थाची गोष्ट तर याहून वेगळी; तो रात्र ओलांडला की बासी. आपल्या घरी कोणती परंपरा पाळली जाते, ते वडीलधाऱ्यांकडून वा गुरुजनांकडून समजून घ्यावे आणि बरणीवरील मुदत त्याप्रमाणे ठरवावी.

लोणच्याच्या बाबतीतही हाच विचार आहे. दिगंबर श्रावकाचारात त्याची मर्यादा एका अहोरात्राची मानतात. श्वेतांबर घरांत फोडींतील ओल पूर्ण जाईपर्यंत त्यांना कडक ऊन दाखवून मगच तेलात घालतात. दोन्हींकडे शंका आहे ती ओलीविषयीच.

बर्फाचे खण आणि तेलाची बाटली

शीतकपाटात ठेवलेल्या वाटणाला काळ लागत नाही, असा समज बराच पसरला आहे. शीतकपाटातील चार-पाच अंश तापमानात सूक्ष्म जीवांची वाढ मंदावते, थांबत नाही. वाटणाचा वर्ण-गंध दुसऱ्या दिवशी पालटलेला दिसतो तो त्यामुळेच. गोठणपेटीत वाढ थांबते हे खरे. परंतु जे जीव आधीच होते त्यांतील पुष्कळसे नष्ट होत नाहीत, आणि वितळताच पुन्हा वाढू लागतात. शिवाय येथे आपल्यासाठी आणखी एक विचार आहे. बावीस अभक्ष्यांत हिम, म्हणजे बर्फ, याचेही नाव आहे. पाण्याच्या थेंबात असंख्य अप्काय जीव मानणाऱ्या धर्मात बर्फ त्याज्य ठरला, हे ओघानेच आले. ज्या घरात हा नियम पाळतात तेथे वाटणाचे गोठवलेले चौकोन हा मार्ग मुळातच उरत नाही.

दुसरा लोकप्रिय मार्ग तेलाचा. ओली मिरची, कोथिंबीर किंवा अन्य पाला वाटून त्यावर तेलाचा थर देतात आणि बाटली ओट्यावर ठेवतात. तेलामुळे हवा आत शिरत नाही, म्हणून ते टिकते, अशी समजूत. पण हवेवाचूनच वाढणारे काही जीवाणू असतात, आणि त्यांतील एक अत्यंत घातक विष तयार करतो. आंबटपणा नसलेले ओले पदार्थ तेलाखाली घालून सामान्य तापमानात ठेवणे हे धर्माच्या दृष्टीने जितके सदोष, तितकेच आरोग्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. या विषाचा वास येत नाही, रंग दिसत नाही. त्यामुळे हुंगून किंवा चाखून खात्री करता येत नाही.

उरले बाजारातील तयार वाटण. वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहून अनेक जण निश्चिंत होतात. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात कांदा, लसूण, आले नाही असे सांगत नाही. ‘मसाले’ किंवा ‘सुगंधी द्रव्ये’ अशा मोघम शब्दांआड काय आहे ते गृहिणीला कळत नाही. पुन्हा, बाटलीतले ओले वाटण महिनोन् महिने टिकवायचे तर त्यात आम्ल आणि परिरक्षक घालावेच लागतात. घटकांची यादी वाचली की ती नावे सापडतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ओला पदार्थ टिकवण्याची ती किंमत आहे. प्रश्न एवढाच की, ती किंमत आपण का मोजावी?

सुगंध कोठे राहतो?

मसाल्याचा गंध त्याच्या उडनशील तेलात असतो. जिरे, धने, वेलदोडे यांच्या दाण्यांत हे तेल सूक्ष्म कप्प्यांत बंद असते. दाणा अख्खा आहे तोवर कप्पे मिटलेले असतात. दळताच ते फुटतात आणि गंध उडू लागतो. ज्या पुडीचा वास डबी उघडताच घरभर दरवळतो, तिच्यातील ऐवज प्रत्येक वेळी थोडा थोडा हवेत जात असतो. म्हणूनच अख्खा मसाला ही साठवणीची पहिली पायरी, भाजून कुटलेला ही दुसरी, आणि ओले वाटण ही शेवटची. शेवटच्या पायरीवर साठवण नाही, वापरच आहे.

मंद आचेवर भाजल्याने दोन कामे साधतात. उरलीसुरली ओल निघून जाते आणि कच्चा वास जाऊन नवा खमंगपणा येतो. आल्याचे सुंठेत रूपांतर होताना तर त्यातील तिखट द्रव्याचाच काही भाग बदलून अधिक तीव्र होतो. त्यामुळे सुंठ ही आल्याची फिकी सावली नव्हे. तिचा तिखटपणा अधिक कोरडा, अधिक खोल असतो आणि ती आल्याच्या मानाने फारच थोडी लागते. ओले आले आणि ओली हळद अनंतकायात गणली जातात, तरी पूर्ण सुकलेली सुंठ व हळकुंड बहुतेक घरी ग्राह्य मानतात, हे आपण जाणतोच.

सुक्या खोबऱ्याचा आणि तिळाचा शत्रू मात्र निराळा. त्यांत तेल भरपूर असते आणि हवा, उजेड व उष्णता यांच्या योगाने ते खवट होते. म्हणून खोबरे-तिळाचे कूट आणि गरम मसाल्याची पूड एका बरणीत भरू नयेत. खोबरे खवटले तर सोबतचा चांगला मसालाही वाया जातो.

कृती

*पहिली : सुंठ-जिऱ्याचे कोरडे वाटण.* आले-लसणाच्या जागी हे रोज वापरता येते. धने ४ चमचे, जिरे ४ चमचे, बडीशेप २ चमचे, काळी मिरी १ चमचा, सुंठपूड १ चमचा, हिंगपूड अर्धा चमचा. धने, जिरे आणि बडीशेप निवडून, वेगवेगळे, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावे. मिरी नुसती गरम करावी. सर्व पूर्ण निवल्यावर मिक्सर थांबवून थांबवून फिरवावा, म्हणजे पात्याच्या उष्णतेने गंध उडत नाही. शेवटी सुंठ व हिंग मिसळावा. सुंठ घरी कुटल्यास चाळून तिचे तंतू काढून टाकावे. चार माणसांच्या भाजीला या पुडीचे दीड ते दोन चमचे चार चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. पूड फुगून मऊ लगदा होतो. तो फोडणीत घालून कडेला तेल सुटेपर्यंत परतला की ताज्या वाटणाचेच काम करतो.

*दुसरी : खोबरे-तिळाचे कूट.* सुक्या खोबऱ्याचा कीस १ वाटी, तीळ अर्धी वाटी. दोन्ही वेगवेगळे भाजावे. खोबरे बदामी रंगावर, तीळ तडतडेपर्यंत. निवल्यावर आधी तीळ आणि मग खोबरे भरड फिरवावे. जास्त वेळ फिरवल्यास तेल सुटून गोळा होतो, आणि असा गोळा लवकर खवट होतो.

*तिसरी : तिखट मसाला.* कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात, तो तिखट मसाला कांदा-लसणाशिवायही उत्तम होतो. रंगासाठी ब्याडगी मिरच्या १५, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरच्या ४-५, धने पाव वाटी, जिरे १ चमचा, लवंगा ६, दालचिनीचे दोन लहान तुकडे, मसाला वेलदोडा १, तमालपत्र १. मिरच्या उन्हात कडकडीत वाळवाव्या, देठ काढून फोडून पाहाव्या व बाकीच्या भाजलेल्या जिनसांबरोबर कुटाव्या. दगडफूल घालण्याचा प्रघात आहे; परंतु ते फूल नसून बुरशी व शैवाल यांचे सहजीवन आहे. हे ध्यानी घेऊन ज्यांना वगळायचे असेल त्यांनी ते वगळावे. खसखसही बहुबीज म्हणून येथे घेतलेली नाही.

संध्याकाळी आमटी किंवा रस्सा करताना दुसऱ्या कृतीचे ३ चमचे आणि तिसऱ्या कृतीचा १ चमचा अर्धी वाटी गरम पाण्यात घालून मिक्सरमधून एकदा फिरवले की दाट वाटण तयार. दोडका, दुधी, चवळी, मसूर यांना ते शोभते. परतलेल्या दुधीचा दोन चमचे कीस सोबत वाटल्यास गोडवाही येतो.

*चौथी : हिरवे ओले वाटण.* हे साठवायचे नाही, त्या जेवणापुरतेच करायचे. ओले खोबरे अर्धी वाटी, निवडून धुतलेली कोथिंबीर १ वाटी, हिरव्या मिरच्या ३, जिरे १ चमचा, मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. श्वेतांबर परंपरेत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत भाजीपाला, म्हणजे पालेभाज्या, कोथिंबीर, कढीपत्ता आदी, वर्ज्य करतात. त्या आठ महिन्यांत कोथिंबिरीऐवजी बडीशेप अर्धा चमचा घ्यावी, आणि उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरीची एक फोड वाटावी. रंग तितका हिरवा येत नाही. चव मात्र उणी राहत नाही. तिळाचेही त्या काळात अनेक घरांत वर्जन असते. तेव्हा दुसऱ्या कृतीत केवळ खोबरे घ्यावे, आणि पावसाळ्यात तर खोबऱ्याची वाटी ज्या दिवशी फोडली त्याच दिवशी वापरावी.

द्विदलाचे भान येथे ठेवणे अगत्याचे आहे. वाटणात डाळे, बेसन किंवा मेथ्या असतील तर त्यात कच्चे, न तापवलेले दही वा ताक मिसळू नये. मेथी हीही द्विदलच आहे, हे घाईत विसरले जाते. आंबटपणा हवा असल्यास आमसूल, चिंच किंवा लिंबू वापरणे निर्धोक.

साठवणीची शिस्त

साठवण म्हणजे केवळ बरणी भरणे नव्हे. काही बारीक गोष्टी सांभाळल्या तरच कोरडे वाटण खरोखर कोरडे राहते.

मसाला आणताच निवडावा, चाळावा, ऊन द्यावे. जयणा येथूनच सुरू होते. किडलेला दाणा भट्टीत जाण्यापूर्वीच बाजूला निघाला पाहिजे. भाजलेला जिन्नस पूर्ण निवल्याखेरीज बरणीत भरू नये. कोमट पुडीची वाफ झाकणाखाली साचते आणि तेच चार थेंब पुढे बुरशीला पुरतात.

बरणी काचेची, लहान आणि काठोकाठ भरलेली असावी. मोठ्या बरणीच्या तळाशी थोडेसे उरले म्हणजे वरची पोकळी दमट हवेने भरते. एका आठवड्यापुरती एक, अशा बरण्या केल्यास प्रत्येक बरणी थोडेच दिवस उघडी राहते. तिला कोरडा चमचा असावा, आणि तो तिचाच असावा. ओल्या चमच्याने घेतलेली एक चिमूट सगळी बरणी बिघडवते. उकळत्या पातेल्यावर बरणी धरून मसाला झटकू नये. वर येणारी वाफ सरळ पुडीत शिरते.

कोरडी पूड शीतकपाटात ठेवण्याचा मोह पावसाळ्यात होतो. थंड बरणी बाहेर काढून लगेच उघडली की हवेतील बाष्प पुडीवर जमते. फायद्यापेक्षा तोटाच अधिक. त्यापेक्षा पावसाळ्यात करतानाच थोडी करावी. तीन दिवसांची मर्यादा पाळणाऱ्या घरात तर मसाले भाजून अख्खेच ठेवावे आणि लागेल तसे खलबत्त्यात कुटावे. दोन मिनिटांचे काम आहे. मुनिराजांच्या आहाराचा चौका लावणाऱ्या भगिनी हेच करीत आल्या आहेत.

प्रत्येक बरणीवर केल्याची तिथी लिहिलेली चिठ्ठी लावावी. ‘अजून वास चांगला आहे’ या अंदाजावर मर्यादा सोडून देऊ नये. आणि मिक्सरचे भांडे वापर झाल्याबरोबर, पात्याखालचा भाग उघडून धुवावे. तेथे अडकलेले चमचाभर ओले वाटण रात्रभर राहिले तर बाकीची सर्व काळजी व्यर्थ जाते.

वेळेचा आणि कामाचा हिशेब

मूळ अडचण वेळेची होती. म्हणून शेवटी वेळेचाच हिशेब पाहू. तिन्ही कोरड्या कृती एका बैठकीत केल्या तर भाजणे, निवणे, कुटणे मिळून साधारण एक तास जातो; त्यातील निवण्याचा वेळ हात मोकळे असतात. पुढे रोज संध्याकाळी पूड भिजवायला किंवा एकदा फिरवायला पाच मिनिटे पुरतात. घरी आल्याबरोबर प्रथम पूड कोमट पाण्यात भिजत घालावी आणि मग भाजी चिरायला घ्यावी. चिरून होईतो वाटण तयार असते. डिसेंबरातल्या त्या पाऊण तासात हा फरक मोठा आहे. अहोरात्र ओलांडलेले काहीही ताटात येत नाही आणि सूर्यही डोक्यावरून सुटत नाही.

आठवड्याचा हा एक तास एकट्या गृहिणीच्या माथी असावा, असेही नाही. मसाला निवडणे, खलबत्त्यात कुटणे, चिठ्ठ्या लिहिणे ही कामे घरातील पुरुष आणि मुले सहज करू शकतात. आजीने भाजण्याचा रंग सांगावा, नातवाने ढवळावे. कोणता मसाला किती तापल्यावर उतरवायचा, हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, अशाच शेजारी बसण्यातून पुढे जाते. मर्यादा का पाळायची, हा प्रश्नही मुले तेथेच विचारतात, आणि हाती जिरे असताना त्याचे उत्तर देणे सोपे जाते.

आणखी एक लाभ आहे. मुदत लहान असली की आपण मोजून करतो. किती माणसे, किती दिवस, किती चमचे, याचा विचार करूनच तवा तापवला जातो. महिन्याचा साठा करून त्यातला अर्धा फेकण्यापेक्षा आठवड्याचे संपवून बरणी घासून उन्हात पालथी घालणे हे अपरिग्रहाच्या अणुव्रताशी अधिक जुळणारे आहे. ज्या घरांत आज वाटणावरून दोन पिढ्यांत मतभेद आहेत, त्यांनी येत्या रविवारी फक्त पहिली कृती, तीही निम्म्या प्रमाणात, एकत्र बसून करून पाहावी. आठवडा संपेतो ती संपली, आणि रोज दिवसाउजेडी ताट वाढले गेले, तर दुसरी बरणी भरायला कोणाच्याही आग्रहाची गरज पडणार नाही.